धूमकेतू की यान? ओळखायचे कसे?



ऑक्टोबर २०२५च्या शेवटच्या आठवड्यात आपल्या शाळेतील सातवीची एक मुलगी सलग दोन दिवस आली नाही. निरोप पाठवला तेव्हा तिचे वडील स्वतः कार्यालयात आले. ताप नाही, खोकला नाही. मुलीने मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. सूर्याच्या मागे एक धूमकेतू लपला आहे, तो धूमकेतू नसून परग्रहावरच्या लोकांचे फार पुरातन यान आहे आणि २९ ऑक्टोबरला ते सोंग टाकून बाहेर येणार आहे, असे त्यात सांगितले होते. पोर रात्र रात्र झोपत नव्हती. बोलणे झाले तरी वडील दाराशी घुटमळले आणि हळूच म्हणाले, "सर, खरं सांगा. घरात कापूस पडून आहे. ओल जास्त म्हणून भाव पाडून मागतात. वाळवून ठेवू, का आहे त्या भावात देऊन टाकू?"

मला हसू आले नाही. जून महिन्यापासूनच्या कष्टाचा सौदा एका व्हिडिओवर अडला होता. "वाळवून ठेवा," असे मी सांगितले खरे, पण का ठेवायचा हे मला त्या दिवशी नीट सांगता आले नाही. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, पदवी इतिहासाची. धूमकेतूविषयी आमच्या पुस्तकात 'पुच्छल तारा' म्हणून एक परिच्छेद होता, तेवढाच आठवत होता. मग आमच्या विज्ञान शिक्षकांना मदतीला घेतले, जमेल तेवढे वाचून काढले. त्या मुलीच्या वडिलांना जे उत्तर द्यायचे राहिले, ते या अंकात देत आहे.

आधी हा पाहुणा कोण ते सांगतो. १ जुलै २०२५ रोजी दक्षिण अमेरिकेतील चिली देशात 'ॲटलास' नावाच्या स्वयंचलित दुर्बिणीला एक अंधूक ठिपका सरकताना दिसला. त्याचे नाव ठेवले '३आय/ॲटलास'. ॲटलास हे शोधणाऱ्या दुर्बिणीचे नाव, आणि '३आय' म्हणजे आपल्या सूर्यमालेच्या बाहेरून आलेली, आजवर सापडलेली तिसरी वस्तू. धूमकेतूला शोधणाऱ्याचे नाव देण्याची रीत जुनी आहे. हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत वडील नोकरीला असलेला आणि निजाम कॉलेजात शिकलेला एक तरुण पुढे अमेरिकेत हार्वर्डला गेला आणि १९४९ साली त्याने एक धूमकेतू शोधला. त्या धूमकेतूला आजही 'बाप्पू-बोक-न्यूकर्क' म्हणतात. तो तरुण म्हणजे थोर खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू. आपला जिल्हा तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानाचा भाग होता, हे मुलांनी ध्यानात ठेवावे.

'बाहेरून आलेली' हे कसे कळले? तर वेगावरून. पृथ्वीइतक्या अंतरावर सूर्याच्या ओढीतून कायमचे सुटायला सेकंदाला सुमारे ४२ किलोमीटर वेग लागतो. जे सूर्याच्या घरचे आहे, त्याला सहसा याच्या आतच राहावे लागते. हा पाहुणा सूर्याची ओढ लागण्याआधीच सेकंदाला सुमारे ५८ किलोमीटर वेगाने येत होता. म्हणजे आदिलाबादहून हैदराबाद साधारण पाच सेकंदांत! त्याची वाट वाकते, पण वळून परत येत नाही. एकदा गेला की गेला.

एवढा वेग ऐकून यानाची कल्पना सुचणे साहजिक आहे. म्हणून मुलांकडून एक गणित करून घेतले. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. या वेगाने तिथून इथे यायला किती काळ लागेल? उत्तर येते सुमारे २२ हजार वर्षे. ही सर्वांत जवळच्या ताऱ्याची गोष्ट झाली. एका अंदाजानुसार हा धूमकेतू ७०० कोटी वर्षांहूनही जुना असू शकतो. आपली सूर्यमाला सुमारे ४६० कोटी वर्षांची आहे, म्हणजे तो आपल्या सूर्याहूनही वडील. 'पुरातन' हा व्हिडिओतला शब्द तेवढा खरा निघाला.

आता मुख्य प्रश्न. तो दगड-बर्फाचा आहे की यंत्र आहे, हे कोट्यवधी किलोमीटरवरून ओळखायचे कसे?

देवघरात कापूर उघडा ठेवला तर काय होते? तो वितळत नाही, त्याचे पाणी होत नाही. थेट वास होऊन उडून जातो आणि वडी लहान होत जाते. धूमकेतूचा बर्फ सूर्याजवळ आला की असाच थेट वायू होतो. तो वायू आपल्याबरोबर धूळ घेऊन निघतो, गाभ्याभोवती धुरकट आवरण तयार होते आणि सूर्याच्या विरुद्ध दिशेला शेपटी पसरते. म्हणून आपल्याकडे त्याला शेंडेनक्षत्र म्हणतात, आणि आपले तेलुगू शेजारी 'तोकचुक्क', म्हणजे शेपटीचा तारा. ३आय/ॲटलासला असे आवरण शोध लागताच दिसले आणि पुढे शेपटीही दिसली.

पण सोंग म्हटले की शेपटीचेही सोंग असेल, असे कोणी म्हणेल. त्यावर दुसरी परीक्षा आहे. चुलीच्या किंवा गॅसच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकून पाहा (मोठ्या माणसांना जवळ घेऊन!). ज्योत पिवळीधमक होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमची सही आहे. प्रत्येक पदार्थाची प्रकाशात अशी स्वतःची सही असते, आणि दुर्बिणीला जोडलेल्या यंत्रातून प्रकाशाचा वर्णपट काढला की ती वाचता येते. १२ ते १५ नोव्हेंबर २०२५ या काळात अबूच्या डोंगरावरील आपल्या देशाच्या १.२ मीटर दुर्बिणीने या धूमकेतूचा वर्णपट काढला. त्यात सायनोजेन आणि कार्बनच्या जोड्या-तिकड्या, म्हणजे सूर्यमालेतल्या ओळखीच्या धूमकेतूंत असतात त्याच सह्या मिळाल्या. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीला त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर दिसला, पाण्याच्या मानाने नेहमीपेक्षा पुष्कळच जास्त. वेगळ्या ताऱ्याच्या अंगणात वाढलेले लेकरू, थोडे वेगळे असणारच.

यान म्हणणाऱ्यांचे मुद्दे काय होते तेही सांगितले पाहिजे, नाहीतर एकतर्फी होईल. हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक आवी लोब यांनी ही शक्यता मांडली. ते अडाणी गृहस्थ नव्हेत, आणि शंका काढणे हा गुन्हाही नव्हे. वायूंमध्ये निकेल हा धातू दिसतो, पण लोखंड दिसत नाही. हे कारखान्यातल्या मिश्रधातूसारखे वाटते, असा त्यांचा एक मुद्दा होता. परंतु निकेलची वाफ आपल्या घरच्या साध्या धूमकेतूंतही असते, हे २०२१ सालीच शास्त्रज्ञांनी दाखवले होते. पुढे सूर्याजवळ येताना या पाहुण्यातही लोखंड दिसू लागले.

दुसरा मुद्दा, तो गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबापेक्षा किंचित वेगळा सरकला. तर दिवाळीतले भुईचक्र आठवा. त्याला कोणी हाताने फिरवत नाही, बाजूने निघणारा वायूच त्याला ढकलतो. धूमकेतूचा वायूही उन्हाकडील बाजूने जोरात निघतो आणि गाभ्याला किंचित ढकलतो. त्याला इंजिन लागत नाही.

तिसरी बातमी सर्वांत गाजली, 'धूमकेतूकडून रेडिओ संदेश आला!' पुणे जिल्ह्यात खोडदला ३० मोठ्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, तशी दक्षिण आफ्रिकेत 'मीरकॅट' नावाची ६४ तबकड्यांची आहे. तिला ऑक्टोबर २०२५ मध्ये या धूमकेतूकडून रेडिओ लहरींत एक खूण मिळाली, हे अगदी खरे. फक्त ती खूण हायड्रॉक्सिलची होती. उन्हाने पाण्याचा रेणू तुटला की जो तुकडा उरतो तो हायड्रॉक्सिल. म्हणजे 'मी इथे बर्फाचे पाणी उडवतो आहे' एवढाच तो संदेश! डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील ग्रीन बँक येथील प्रचंड रेडिओ दुर्बिणीनेही कान लावून पाहिले. यंत्राचा म्हणता येईल असा आवाज नाही.

राहिली २९ ऑक्टोबर. त्या दिवशी तो सूर्याच्या सर्वांत जवळ होता. जवळ म्हणजे सुमारे २० कोटी किलोमीटर, पृथ्वी सूर्यापासून आहे त्याहून दूर. त्या सुमारास आपण सूर्याच्या एका बाजूला आणि तो दुसऱ्या बाजूला असल्यामुळे पृथ्वीवरून दिसत नव्हता. शनी-गुरूही असे दर वर्षी काही दिवस सूर्यामागे दिसेनासे होतात, आपल्या पंचांगात त्याला अस्त म्हणतात. त्याला कोणी लपणे म्हणत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीस मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी त्याची छायाचित्रेही घेतली होती. पृथ्वीच्या सर्वांत जवळ तो १९ डिसेंबरला आला, तेव्हा अंतर सुमारे २७ कोटी किलोमीटर. चंद्र आपल्यापासून जितका दूर आहे, त्याच्या सातशेपट. कापूस वाळवून ठेवण्यास एवढे अंतर पुरेसे आहे.

खरे कोडे घातले होते ते त्याच्या आधीच्या पाहुण्याने. १९ ऑक्टोबर २०१७ रोजी हवाई बेटांवरील दुर्बिणीला सापडलेला 'ओमुआमुआ' हा बाहेरून आलेला पहिला. काहीशे मीटरचा, लांबट, आणि शेपटीचा पत्ता नाही. तरीही हिशेबापेक्षा जरा जास्त वेगाने दूर गेला. भुईचक्र फिरते आहे, पण ठिणगी दिसत नाही, अशी गत. तेव्हाही लोब यांनी प्रकाशाच्या दाबावर चालणारे पातळ शीड असावे असे सुचवले होते. बर्फात अडकलेला हायड्रोजन वायू हळूहळू सुटला, तो दिसत नाही पण ढकलतो, असे एक स्पष्टीकरण २०२३ मध्ये आले. सर्वांना ते पटले आहे असे नाही, आणि तो दगड आता पुन्हा तपासायला मिळणारही नाही. दुसरा पाहुणा २०१९चा. तो क्रिमियातील गेन्नादी बोरिसोव्ह यांना स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून दिसला, आणि तो साधा सरळ धूमकेतू होता.

आता उलटी बाजू. दगड समजलेली वस्तू यान निघाली, असे कधी झाले आहे का? झाले आहे, आणि एकदा नव्हे! फक्त ती याने परक्यांची नव्हती, आपलीच होती.

सप्टेंबर २०२० मध्ये '२०२० एसओ' नावाचा एक छोटा लघुग्रह सापडला. पण त्याची चाल पृथ्वीशी फारच मिळतीजुळती होती आणि उन्हाच्या दाबानेही तो सरकत होता. दगड एवढा हलका नसतो. आतून पोकळ असेल तरच असे होते. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ विष्णू रेड्डी यांच्या गटाने त्याचा वर्णपट काढला तेव्हा स्टेनलेस स्टीलची सही निघाली! १९६६ साली चंद्राकडे सोडलेल्या 'सर्व्हेयर-२' यानाच्या रॉकेटचा तो रिकामा टप्पा होता. चोपन्न वर्षे सूर्याभोवती भटकून घराच्या अंगणात आलेला. नोव्हेंबर २००७ मध्ये तर याहून गंमत झाली. पृथ्वीच्या अगदी जवळून जाणाऱ्या एका नव्या लघुग्रहाची नोंद झाली, आणि तो निघाला 'रोझेटा' हे युरोपचे यान. ते कुठे निघाले होते? एका धूमकेतूकडे! २०१४ साली ते तिथे पोहोचलेही.

याहून जवळचे उदाहरण आपल्या सीमेपलीकडचे आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे एकामागोमाग एक सरकत गेले. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान, कोणी आणखी काही. थोड्या वेळाने चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाजवळ, सुमारे तीन मीटर व्यासाचे लोखंडी कडे आकाशातून पडले. जवळपास धातूचा एक गोळाही सापडला. चीनच्या रॉकेटचा तो जुना टप्पा असावा, असे अभ्यासकांनी सांगितले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

तेव्हा जमिनीवरून पाहून हे ओळखता आले असते का? बऱ्यापैकी. उल्का बहुधा एक-दोन सेकंदांत चमकून विझते, कारण तिचा वेग सेकंदाला किमान ११ किलोमीटर, पुष्कळदा कितीतरी जास्त असतो. पृथ्वीभोवती फिरून खाली येणारे रॉकेट त्याहून मंद असते, सुमारे पावणेआठ किलोमीटर, आणि तिरके, लांबवर घसरत येते. त्यामुळे त्याचे तुकडे एका रांगेत, कधी मिनिटभर सरकताना दिसतात. सिंदेवाहीच्या वेळी लोकांनी काढलेल्या चित्रीकरणात हेच दिसते. मोबाईल हातात असलाच तर असे दृश्य टिपावे, वेळ आणि दिशा लिहून ठेवावी. ते उपयोगी पडते. पडलेल्या वस्तूला मात्र हात लावू नये, पोलीस ठाण्याला कळवावे.

मी हे एवढे तळमळीने लिहितो आहे त्याला एक कारण आहे. १६ फेब्रुवारी १९८०ला खग्रास सूर्यग्रहण होते. हैदराबादपलीकडे रंगापूरच्या वेधशाळेत देशोदेशीचे शास्त्रज्ञ ते पाहायला जमले होते. मी तेव्हा नऊ वर्षांचा. पेनगंगेच्या काठी आमच्या घरात खिडक्यांना गोधड्या लावून आम्हा भावंडांना कोंडून ठेवले होते. आमच्याकडे ते खंडग्रास होते, नीट काळजी घेऊन सहज पाहता आले असते. आईने भीतीपोटी केले, तिला दोष देत नाही. पण तो दिवस गेला तो गेलाच.

त्या मुलीला शाळेत बोलावून विज्ञान शिक्षकांनी कापूर आणि मिठाचा प्रयोग करून दाखवला. तिने सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग सर, त्यात माणसं नसली तरी जंतू असतील का?"

हा प्रश्न ऐकून मी चकित झालो, कारण नेमका हाच प्रश्न आपल्या डॉ. जयंत नारळीकरांनी विचारला होता, आणि त्याचा प्रयोग हैदराबादहून केला होता. नारळीकरांचा जन्म १९३८चा, कोल्हापूरचा. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. हा पाहुणा सापडला त्याच्या सहाच आठवडे आधी. 'धूमकेतू' नावाची त्यांची एक विज्ञानकथाही आहे. त्यात एका हौशी निरीक्षकाला पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू सापडतो, शास्त्रज्ञ अवकाशात उपाय करतात आणि इकडे घरात संकटनिवारणाचा यज्ञ होतो. आपल्या ग्रंथालयात नारळीकरांची पुस्तके वाढवावीत, अशी विश्वस्त मंडळाला या निमित्ताने विनंती.

नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल आणि श्रीलंकेत जन्मलेले चंद्र विक्रमसिंघे यांचे म्हणणे होते की, धूमकेतू हेच जीवांचे वाहन आहे. त्यांच्या बर्फातून सूक्ष्म जीव ताऱ्या-ताऱ्यांत फिरतात आणि पृथ्वीवरचा पहिला जीवही असाच उतरला असावा. बहुतेक शास्त्रज्ञांना हे मान्य नाही. पण नुसता वाद घालण्यापेक्षा तपासून पाहू, असे नारळीकरांनी ठरवले. वरून जंतू पडत असतील तर ते हवेच्या अगदी वरच्या थरात सापडले पाहिजेत. जानेवारी २००१ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २००५ मध्ये हैदराबादच्या टाटा संस्थेच्या केंद्रातून प्रचंड फुगे सोडले. विमाने दहा-बारा किलोमीटरवरून उडतात. हे फुगे ४१ किलोमीटरपर्यंत गेले. निर्जंतुक केलेल्या, अतिशय थंड ठेवलेल्या नळकांड्यांत तिथली हवा भरून खाली आणली. दुसऱ्या फेरीतील नमुने हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांत तपासले गेले आणि २००९ साली निष्कर्ष जाहीर झाले. त्यात जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. तीन जिवाणू तर पूर्वी कोणालाच माहीत नव्हते. अतिनील किरणे ते आपल्या भाईबंदांपेक्षा चांगली सोसतात. त्यांना हॉइल, इस्रो आणि आर्यभट यांची नावे दिली आहेत.

ते वरून आले की खालून वाऱ्याबरोबर चढले? प्रयोग करणाऱ्यांनीच स्पष्ट सांगितले की, ते पृथ्वीबाहेरचे आहेत असे यावरून सिद्ध होत नाही. इतका खर्च, इतकी मेहनत करून आपल्याला हवे ते उत्तर मिळाले असे त्यांनी म्हटले नाही. मुलीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे अजून कळलं नाही." मी हो म्हटले. तिने वहीत तिन्ही जिवाणूंची नावे लिहून घेतली.

डिसेंबरात तिचे वडील फी भरायला आले होते. कापूस वाळवूनच विकला, असे म्हणाले.

— मुख्याध्यापक